दोन कोंडांचं भांडण आणि शाळेचा पट

मे महिन्यात मुलं मोजू नयेत, ही माझ्या नोकरीतली मुख्य शिकवण. शिमग्यात तर मुळीच मोजू नयेत आणि गणपतीत मोजायला जाणाऱ्याला मोदक मिळतात, आकडा मिळत नाही. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. प्रशिक्षणात चहा बरा असायचा.

मी महाडची. पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, शेवटची बरीच वर्षं पोलादपूर तालुक्यात. विस्तार अधिकारी म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटायचं, मी शाळेत शिकवते पण दांड्या फार मारते. म्हणून थोडक्यात सांगते. कुठल्या गावात किती मुलं आहेत, पुढच्या वर्षी किती असतील, शाळा त्यांना किती लांब पडेल, शिक्षक किती लागतील, वर्ग गळतो की नुसती ओल येते, हे सगळं दरवर्षी मांडायचं आणि वर पाठवायचं. याला आराखडा म्हणतात. वर तो कुणीतरी वाचतं, असं धरून चालायचं असतं. शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या म्हणजे पट. सप्टेंबरअखेरचा पट धरला जातो आणि शिक्षक राहणार की जाणार, शाळा राहणार की जाणार, ते त्यावर ठरतं.

आमच्या भागात अडचण अशी की घर इथे असतं आणि मूल नालासोपाऱ्याला असतं. दाराला कुलूप, अंगणात तुळस आणि तुळशीला पाणी घालायला शेजारची म्हातारी. मे महिना आला की कुलपं निघतात, दोऱ्यांवर रंगीत कपडे वाळत पडतात आणि गाव भरल्यासारखं दिसतं. घाटावरून बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी नेमकी शिमग्यात पाहणी केली. प्रत्येक ओटीवर मुलं बघून त्यांना गहिवरून आलं. त्यांनी दोन नव्या खोल्यांची मागणी केली आणि माझ्या नोकरीत पहिल्यांदाच एखादी मागणी वेळेत मंजूर झाली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा जुनी खोलीसुद्धा भरेना. नव्या खोल्यांत गावाने देवळाच्या मांडवाचे बांबू आणि जेवणावळीची भांडी ठेवली. खोल्यांचं काम चांगलं होतं, भांड्यांना अजिबात ओल लागली नाही.

माणसंही एकेक भेटली. पाचाडच्या बाजूला एक आजोबा नातवाला पहिलीत घालायला आले. वयाचा दाखला नव्हता. म्हणाले, "आमची म्हैस व्याली त्याच राती ह्यो झाला. तिची पारडी बगायला चला, ती पन दोनदा व्याली. आता तुमीच काडा हिशोब." मी गेले, पारडी पाहिली. म्हणणं पटण्यासारखं होतं. पण पारडीवरून वय धरायची सोय आमच्या नियमांत नव्हती, त्यामुळे आजोबांना ग्रामपंचायतीत पाठवावं लागलं. ते माझ्यावर अजून रागावलेले आहेत.

हे सगळं गमतीचं झालं. पण नोकरीतलं जे मनातून जात नाही, ते एका गावाच्या भांडणाचं आहे. गावाचं नाव सांगत नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आहे. त्याचे दोन कोंड, म्हणजे दोन वाड्या. वरचा कोंड आणि खालचा कोंड. मध्ये भाताची खाचरं आणि एक पाऊलवाट. दोन्हीकडे एकच आडनाव, एकच देवी आणि वीसेक वर्षांचा अबोला.

भांडण पालखीचं. शिमग्यात गावदेवीची पालखी देवळातून निघते, ती पहिली वरच्या कोंडात जायची आणि मग खाली यायची. पहिली ओटी वरच्यांची, हा त्यांचा मान. एका वर्षी नळाच्या पाइपासाठी वरच्या वाटेवर चर खणून ठेवला होता. पालखी खांद्यावर घेऊन चर ओलांडता येईना, म्हणून ती आधी खाली गेली. चर सरकारी होता, तो पुढे दोन वर्षं तसाच राहिला. तेवढ्यात गाव फुटलं. खालचे म्हणाले, देवी आपल्या पायाने आली, आम्ही काय पळवून आणली? वरचे म्हणाले, चार फळ्या टाकल्या असत्या तर चर ओलांडता आला असता, तुमच्या मनातच होतं. मग एकमेकांच्या लग्नाला जाणं थांबलं, मयताला जाणं थांबलं, आणि खालच्या कोंडाने आपली वेगळी शाळा मागून घेतली. तेव्हा मुलं भरपूर होती, त्यामुळे ती मिळालीही.

मी त्या तालुक्यात आले तोवर दोन्ही शाळांत मिळून एका रिक्षात बसतील एवढी मुलं उरली होती. वरून आदेश आला की कमी पटाच्या शाळा एकत्र करा, नाहीतर दोन्ही बंद करा. बंद झाल्यावर मुलांनी हमरस्त्यावरच्या शाळेत जायचं. त्या वाटेवर रान आहे आणि दोन ओढे आहेत. शासन अशा मुलांना वाहतूक भत्ता देतं. वाहन जाईल असा रस्ता तिथे नाही, भत्ता मात्र आहे.

हे सांगायला मी गेले, तेव्हा खालच्या शाळेच्या पडवीत सुगंधा भेटली. ती शाळेत खिचडी शिजवायची. तिशीची असेल, अंगाने किरकोळ, बोलायला खणखणीत. नवरा मंगेश मुंबईत कुरियरच्या कामाला, गावच्या पाचसहा जणांबरोबर एका खोलीत राहणारा. घरी अर्धांगवायू झालेले सासरे आणि जूनमध्ये पहिलीत जाणारी मुलगी तन्वी. तिने मला खिचडी वाढली आणि मी खात असतानाच सरळ विचारलं.

"मॅडम, शाळा बंद करायला आलाव ना?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"म्हंजे ठरलंय." ती समोर उकिडवी बसली. "शाळा गेली तर पोरीसाठी मला नालासोपाऱ्याला जावं लागंल. नवीन लगीन झाल्यावर एक वरीस काडलंय मी तितं. खिडकी उगडली की समोरच्या खिडकीतली बाय इचारते, आज काय भाजी. सासऱ्यांना तितं नेलं तर त्ये आठ दिस नाय काडायचे. हितं ठेवलं तर बगंल कोन? शेत कोन लावंल? मला हितंच ऱ्हायाचं हाय. तेवडं बगा."

"बघते," मी म्हटलं. हे वाक्य आमच्या खात्यात दिवसातून बऱ्याचदा म्हणावं लागतं. तिच्यापुढे ते म्हणताना मला लाज वाटली.

त्याच दुपारी बैठक घेतली. दोन्ही कोंड आले आणि वर्गाच्या दोन भिंतींना पाठ लावून बसले. वरच्यांचे पुढारी आबा, खालच्यांचे तात्या. दोघे चुलतभाऊ, दोघांच्याही मिशा सारख्याच, दोघेही माझ्याकडे बघून एकमेकांशी बोलत होते.

"मॅडम, त्यास्नी सांगा, आमची पोरं त्यांच्या दारात शिकायला येनार नायत," आबा म्हणाले.

"मॅडम, त्यास्नी इचारा, बोलवलंय कोनी?" तात्या म्हणाले.

असं बराच वेळ चाललं. शेवटची एसटी चुकली असती. मी वैतागून म्हटलं, "मग असं करा, ज्यांचा पट जास्त त्यांची शाळा राहील. दुसऱ्यांची बंद." असा नियम आहे की नाही, हे मला त्या क्षणी खात्रीने माहीत नव्हतं. ऑफिसात जाऊन पाहिलं तर साधारण तसाच होता.

तात्यांनी विचारलं, "जास्त म्हंजे किती?"

"त्यांच्यापेक्षा जास्त."

मग दोन्ही भिंतींकडचे लोक उठले आणि जिथे मोबाइलला रेंज मिळते त्या खडकाकडे निघाले. तिथे मात्र त्यांना एकाच रांगेत उभं राहावं लागलं.

जूनमध्ये आबांनी विरारहून नातू आणला, दाखल्यासकट. हे कळल्यावर तात्यांनी पुतण्याची दोन मुलं आणली. मग वरच्या कोंडातली एक सून भाडं परवडत नाही म्हणून तीन मुलांसह कायमची गावी आली; भाडं तिला आधीही परवडत नव्हतं, पण तेव्हा कुणी ये म्हटलं नव्हतं. मुंबईची मुलं वर्गात आली. एकाने गुरुजींना वॉशरूम कुठे आहे विचारलं, गुरुजींनी त्याला डोंगराची पूर्ण बाजू दाखवली. एक जण खिचडी पाहून म्हणाला, "मेरेको नहीं मांगता." सुगंधाने त्याला दोनदा वाढली. सप्टेंबरअखेर दोन्ही शाळांचा पट बंद करायच्या मर्यादेच्या वर होता, त्यामुळे दोन्ही राहिल्या. सगळ्या तालुक्याचा पट खाली जात असताना या एकाच गावात तो वाढला. मला साहेबांनी बोलावून विचारलं, हे कसं साधलं? मी म्हटलं, लोकसहभाग.

सुगंधाला कारण बरोबर कळलं होतं. एकदा ती मला सोडायला एसटीच्या थांब्यापर्यंत आली आणि इकडेतिकडे बघून हळू म्हणाली, "मॅडम, एक सांगू? ह्यांचं भांडान मिटवू नका."

सरकारी अधिकाऱ्याने गावात भांडण टिकवावं, असं सेवानियमात कुठेही नाही. मी त्याला हातभार लावला आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. खोटं मी कधी बोलले नाही. वरचा पट मी खाली सांगायचे आणि खालचा पट वर. शासकीय माहिती सगळ्यांना खुली असते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला आधी खाली जायचे, म्हणजे वरचे चिडायचे. सव्वीस जानेवारीला आधी वर. क्रीडा स्पर्धेत खालच्यांनी लंगडीत बक्षीस घेतलं, तेव्हा मी वरच्या शाळेत जाऊन खालच्यांचं फार कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात वरच्या कोंडात आणखी एक दाखला आला. अशी तीनएक वर्षं गेली. तन्वी तिसरीत आली आणि सासऱ्यांनी काठी धरून अंगणापर्यंत चालायला सुरुवात केली. सुगंधाने खाचर लावलं, त्या तांदळाची पिशवी मला दिली. मी नको म्हटलं आणि घेतली.

मग मुंबईच्या मंडळाने देऊळ बांधायला काढलं.

आमच्याकडे प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. गावातलं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. देवळाचा स्लॅब, नवा कळस, बाहेरच्या बाजूला फरशी असा बेत होता, पण देणगीदारांनी अट घातली की आधी गाव एक करा. मंडळाची एका रविवारी दादरला बैठक झाली. पालखी एक वर्ष आधी वर जाईल, एक वर्ष आधी खाली जाईल, असं ठरलं. चहा यायच्या आत ठरलं, असं मंगेशने नंतर सांगितलं. तो त्या बैठकीत दाराजवळ उभा होता, धाकट्यांनी बोलायची पद्धत नाही.

समेटाचा कार्यक्रम मोठा झाला. सत्यनारायण, जेवण, मांडव. आबा आणि तात्या गळ्यात पडले तेव्हा बायाच काय, पुरुषही रडले. मीही रडले, कारण ती दोन म्हातारी माणसं खरंच लहान मुलांसारखी रडत होती आणि ते बघून कुणालाही रडू आलं असतं. एक पुढारी आले होते. ते म्हणाले, "एक गाव, एक पालखी, एक शाळा! तुम्ही एकी दाखवलीत, आता मी तुम्हाला अशी शाळा देतो की मुंबईची मुलं इथे शिकायला येतील." टाळ्या झाल्या. मुंबईची मुलं समोर सतरंजीवर बसली होती, त्यांनीही वाजवल्या. सुगंधा मागे भाताच्या टोपाजवळ उभी होती. तिच्या हातात झारा होता, त्यामुळे तिने टाळ्या वाजवल्या नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

जेवताना आबा माझ्याशेजारी होते. म्हणाले, "जूनला नातवाला धाडतो परत. तिकडं इंग्लिश मिडियम हाय. हितं उगाच अडकवून ठेवला होता, भांडान होतं म्हनून." पलीकडून तात्या म्हणाले, "आमची पन दोगं जातील. आता कशाला?" मी वरणभात कालवत राहिले. सुगंधा वाढायला आली होती, तिने हे ऐकलं. तिने माझ्या पानात वाढलं, मग आबांच्या, मग तात्यांच्या, आणि पुढे गेली.

शिमगा आला. एकीची पहिली पालखी, आणि पहिल्या वर्षीचा मान वरच्यांचा. मला आग्रहाचं बोलावणं होतं. देवळापासून वाट खालच्या कोंडाच्या कडेने वर जाते. ढोल वाजत होते, पालखी नाचत होती, आबा पुढे होते आणि त्यांच्या डोक्याला नवा फेटा होता. खालच्या कोंडाची वाट आली आणि सुगंधा मधोमध येऊन उभी राहिली. नवं लुगडं, हातात खण, नारळ, तांदूळ. तिने कुणाला काही कळायच्या आत पालखी आपल्या अंगणाच्या तोंडाशी अडवली आणि देवीची ओटी भरली. पहिली ओटी. मग नारळ फोडला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मान आमचा हाय. आमी नाय सोडनार."

ढोल थांबले. ज्या गोष्टीवरून वीस वर्षं गाव तुटलं होतं, ती तिने शंभर माणसांसमोर पुन्हा केली होती, तीही मुद्दाम आणि एकटीने. तिला वाळीत टाकतील, नवऱ्याला मंडळातून काढतील, हे तिला माहीत होतं. मला सगळं कळत होतं. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, आबांना राग येऊ दे.

आबा पुढे आले. तिच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी फुटलेल्या नारळाचं भकल उचललं, त्यातलं खोबरं तोंडात टाकलं आणि म्हणाले, "देवीला आदी सुगंधाच्या दारात यावंसं वाटलं असंल. पोर आपलीच हाय गो. वाजवा रे!"

ढोल सुरू झाले. तात्यांनी आबांना हात जोडले, आबांनी त्यांचे हात धरले, लोकांनी देवीचा जयजयकार केला. एवढी एकी त्या गावाने समेटाच्या दिवशीही दाखवली नव्हती. सुगंधा अंगणात मटकन बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. वरच्या कोंडातल्या बायका तिच्याभोवती जमल्या. "अगो, चुकतं मान्साचं. आमी नाय काय मनात ठेवलं," असं म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तिला वाटलेल्या पश्चात्तापाचं त्या गावात अजून कौतुक आहे.

जूनमध्ये दाखले नेले गेले. जिथून आले होते त्याच शाळांकडे परत. वरची सून मुलांसह विरारला दिराकडे गेली. खालच्या शाळेत तन्वी आणि वरच्या शाळेत आणखी दोन, असा पट उरला. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव मीच तयार केला, कारण ते काम माझ्याच टेबलावर होतं. प्रस्तावात कारणाचा रकाना असतो. मी त्यात 'पट नाही' एवढंच लिहिलं. शिक्षकांच्या बदल्या झाल्या. आणि मी महिन्याभरात निवृत्त होणार होते.

सुगंधा निघाली त्या दिवशी मी पोलादपूरच्या स्टँडवर गेले. मुंबईची गाडी लागली होती. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवलं होतं, मांडीवर घोंगडी. तन्वी खिडकीशी होती. दोन्ही कोंडांतली माणसं निरोप द्यायला आली होती. आबांनी तांदळाचं पोतं स्वतः उचलून गाडीत ठेवलं, तात्यांनी सासऱ्यांच्या हातात काठी दिली. म्हाताऱ्याने दोघांकडे बघितलं आणि त्याचे डोळे पाणावले.

सुगंधाने माझे हात धरले. ती म्हणाली, "तुमी पन लय केलंत, मॅडम." मग गाडीत चढताना वळून त्या सगळ्या माणसांकडे बघून म्हणाली, "बगा ना, कसे एका मनानं आल्यात." आणि आत जाऊन बसली. तन्वीने हात हलवला. गाडी मागे सरकली, वळली आणि कोपऱ्यावरून गेली.

आम्ही तिथेच उभे राहिलो. आबांनी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले आणि माझ्याजवळ आले. तात्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

"मॅडम," आबा म्हणाले, "आता आमी एक झालाव. मांडवात साह्यबांनी भाषनात कबूल केलेली ती शाळा कदी येनार?"

"वर कळवते," मी म्हटलं.

"जरा लवकर बगा," तात्या म्हणाले. "पोरांचं वरीस फुकट जातंय."